चावी देऊन बघा, मग भाव करा

ग्रामोफोन, म्युझिकल बॉक्स असे जुने वाजते यंत्र घेताना पैसे कशाचे द्यायचे, हे घराबाहेर पडण्यापूर्वी ठरवून टाका. जो भाग आज कोणी करून देत नाही त्याचे द्या. जो भाग सुतार, घड्याळजी किंवा हार्मोनियम दुरुस्त करणारा करून देईल त्याचे देऊ नका. पॉलिश, बिजागऱ्या, कुलूप, फाटलेले रेक्झिन, आतले मखमल हे सगळे गोव्यात, फोंड्यात नाहीतर म्हापशात पुन्हा होते. म्युझिकल बॉक्सच्या, म्हणजे चावीवर वाजणाऱ्या गाण्याच्या पेटीच्या, पोलादी फणीचे मोडलेले दाते, तिच्या सिलिंडरवरच्या आडव्या पडलेल्या पिना, ग्रामोफोनचा तडकलेला टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, हे मात्र सहसा होत नाही. झालेच तर यंत्राच्या किमतीहून महाग पडते. बाजार याच्या नेमका उलट चालतो. चकचकीत पितळेला भाव चढतो आणि पेटीच्या आत कोणी डोकावत नाही. खिसा लहान असलेल्याला जे काही चांगले हाती लागते ते या उलट्या व्यवहारातूनच.

कशापासून सुरुवात करावी

पहिले यंत्र म्हणून चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन घ्यावा. झाकण, मूठ आणि आत दडवलेला कर्णा असलेली ती सुटकेससारखी पेटी. एचएमव्हीचे १०१ हे मॉडेल १९२५ पासूनचे, १०२ हे १९३१ पासूनचे. शिवाय कोलंबिया आणि डेक्का आहेतच. ही यंत्रे हजारोंनी निघाली, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. काळ्या रंगाचे घ्या. लाल, निळ्या, हिरव्या पेट्यांना केवळ रंगापायी जास्त भाव असतो, आवाज तोच.

ग्रामोफोन काटेकोर अर्थाने आपोआप वाजणारे वाद्य नव्हे, तो ध्वनी पुन्हा ऐकवतो, हा आक्षेप बरोबर आहे. पण चावी, स्प्रिंग, वेग आवरणारा गव्हर्नर ही सगळी म्युझिकल बॉक्सचीच भावंडे. स्वित्झर्लंडमधल्या सेंत-क्रुआ गावातल्या थोरेन्सने १८८३ मध्ये म्युझिकल बॉक्सपासूनच सुरुवात केली आणि पुढे ग्रामोफोन काढले. पोर्टेबलची मोटर उघडायला शिकलात की म्युझिकल बॉक्सला हात लावायचे धैर्य येते. उलट्या क्रमाने शिकायला गेलात तर फणी मोडून शिकाल.

दुसरी पायरी विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या स्विस आणि जपानी म्युझिकल बॉक्सची. रूज, थोरेन्स, सांक्यो ही नावे तळाच्या पत्र्यावर किंवा यंत्राच्या पायावर कोरलेली सापडतात. १८ दात्यांचे यंत्र सर्वांत स्वस्त, त्यावरच्या गाण्याची चाल एका फेऱ्यात जेमतेम पंधरा-वीस सेकंदांची. ३६ आणि ५० दात्यांत खालचे सूर भरदार लागतात, ७२ दात्यांचे ऐकले की १८ चे यंत्र खेळणे वाटू लागते. बोटीवर नोकरी करणाऱ्या तारवट्यांच्या आणि आफ्रिकेतून परतलेल्या कुटुंबांच्या घरी अशा पेट्या दागिन्यांच्या डब्याच्या रूपात पडलेल्या असतात. घरच्यांना ती ‘बाहुली नाचायची ती पेटी’ म्हणून आठवते, तेव्हा विचारताना तसेच विचारा.

ब्लॅक फॉरेस्टची कुकू-घड्याळेही बघण्यासारखी. तीन वजने असतील तर तिसरे गाण्याचे. कुकू गप्प असेल तर बहुधा दोन लहान भात्यांचे कापड झुरळांनी खाल्लेले असते. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे पातळ भात्याचे कापड मिळते, काम एका दुपारचे.

आता काय घेऊ नये. पियानोला, म्हणजे कागदी रोलवर चालणारा पियानो, फुकट मिळाला तरी नको. त्यात प्रत्येक सुराला एक असे लहान भाते आणि रबरी नळ्यांचे जंजाळ असते. आपल्या हवेत रबर चिकट होऊन फुटते आणि कापड कुजते. वर तो उचलून न्यायला सहा माणसे लागतात. कोणाला मोह आवरतच नसेल तर निदान रोल बघा: १९०८ साली बफेलोत उत्पादकांनी ठरवल्याप्रमाणे ८८ सुरांच्या रोलला इंचाला ९ भोके असतात, त्याआधीच्या ६५ सुरांच्या रोलला ६. रुंदी दोहोंची सव्वाअकरा इंचच, म्हणून न मोजता घेतलेला रोल घरी येऊन बेसूर वाजतो. सिलिंडरऐवजी तबकडीवर वाजणाऱ्या म्युझिकल बॉक्सच्या, म्हणजे लाइपझिगच्या पॉलिफोन आणि सिंफोनियनच्या, धातूच्या तबकड्या सुट्या मिळतात, त्याही भिंतीवर टांगायच्या असतील तरच घ्या. एका मापाची तबकडी दुसऱ्या मापाच्या यंत्रावर चालत नाही आणि यंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे.

पैशांची विभागणी अशी करा. हातात २०,००० रुपये असतील तर यंत्रावर १२,००० च्या वर जाऊ नका. ४,००० दुरुस्तीला, २,००० सुया आणि तबकड्यांना, २,००० पावसाळ्याच्या तयारीला. दुरुस्तीचे पैसे बाजूला न ठेवता सगळे यंत्रावर घालणारा माणूस पहिल्या वर्षी शोभेची पेटी घेऊन बसतो.

पितळी कर्ण्याचा मोह

हणजुण्याचा बुधवारचा बाजार, हडफड्याचा शनिवारचा रात्रबाजार, पर्यटकांच्या रस्त्यावरची ‘अँटिक’ दुकाने, सगळीकडे एकच वस्तू मांडलेली दिसते: झगझगीत पितळी कर्णा, अष्टकोनी लाकडी पेटी, वर कुत्र्याचे चित्र. यांतले जवळजवळ प्रत्येक यंत्र अलीकडे जुळवलेले असते. खऱ्या यंत्रांत पितळी कर्णे सुरुवातीच्या काळात दिसतात. पुढे रंगवलेल्या पत्र्याचे आणि लाकडाचे कर्णे आले आणि मग कर्णा पेटीच्या आत गेला.

ओळखायला पाच मिनिटे पुरतात. आधी स्क्रू बघा. डोक्यावर अधिकचिन्हासारखी खाच असेल तर ते यंत्र १९१० चे नाही, विक्रेता काहीही म्हणो. जुन्या यंत्रांत एकाच सरळ खाचेचे स्क्रू. मग टोनआर्मवरून नख फिरवा. नकली टोनआर्म जाड ओतीव असतो, साच्याचा सांधा घासलेला नसतो. साउंडबॉक्स, म्हणजे सुई आणि पडदा असलेली टोकाची डबी, धरून हा टोनआर्म तबकडीच्या मध्यापर्यंत न्या: सुईचे टोक मधल्या खिळ्याच्या आसपास यायला हवे. नकली यंत्रात ते बोटभर अलीकडे थांबते किंवा भलतेच पुढे जाते, कारण टोनआर्म एकाचा आणि मोटर दुसऱ्याची. कर्णा हलवून पहा, नकली असेल तर कोपराजवळ तो डगमगतो. शेवटी पेटीच्या बाजूचे चावीचे भोक पहा. आजूबाजूला बुजवलेले दुसरे भोक किंवा पुट्टी दिसली तर आत पोर्टेबलची मोटर बसवली आहे.

या शेवटच्या गोष्टीतच थोडा फायदाही आहे. नकली पेटीत कित्येकदा अस्सल गॅरार्ड किंवा एचएमव्हीची मोटर असते. कर्णा चेपलेला, पेटी फुटलेली असे यंत्र भंगाराच्या भावात मिळत असेल तर सुट्या भागांसाठी जरूर घ्या.

खरी वस्तू सहसा दुकानात नसते. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांतली चौकीची घरे मोकळी होतात तेव्हा माळ्यावरून खाली येते. सासष्टीतल्या जुन्या घरांच्या सालीतून, म्हणजे दिवाणखान्यातून, निघते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या कुलपांच्या आणि समयांच्या ढिगाशेजारी सापडते. त्या बाजाराला सकाळी लवकर जा. मुंबईला जाणे होतच असेल तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहे, पण तिथे पितळी कर्णे याहूनही जास्त. घरगुती खरेदीत एक पथ्य पाळावे. “माई, चावी आहे का? फिरवत नाही, नुसती बघतो,” असे म्हणून परवानगी घ्यावी, यंत्र काय आहे आणि साधारण कितीला जाते ते घरच्यांना खरे सांगावे, आणि पैसे देताना साध्या कागदावर दोघांच्या सह्यांची पावती करावी. आजीला फसवून घेतलेल्या पेटीची बातमी गावात पोचते, मग पुढची चार घरे दार उघडत नाहीत.

पोर्टेबल तपासताना

चावी लगेच पूर्ण देऊ नका. आधी पाच-सहा फेरे द्या आणि हाताला काय लागते ते बघा. चावी कितीही फिरवली तरी जोर लागतच नसेल तर स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचे टोक आकड्यातून सुटले आहे. सोडल्यावर चावी मागे फिरत असेल तर खटक्याचा दात झिजला आहे. चावी घट्ट होते पण पाट, म्हणजे तबकडी ठेवायची गोल थाळी, फिरत नाही, असे असेल तर ब्रेक बघा. ब्रेक मोकळा असूनही हलत नसेल तर जुने ग्रीस वाळून चाके चिकटली आहेत. हे शेवटचे दुखणे सगळ्यांत स्वस्त आणि विक्रेत्याला सगळ्यांत मोठे वाटणारे. भाव इथे पाडावा. पाट फिरताना पेटीतून थांबून थांबून ‘धप्प’ आवाज येत असेल तर स्प्रिंगच्या डब्यातले ग्रीस दगड झाले आहे आणि वेटोळी एकमेकांना चिकटून झटक्याने सुटत आहेत.

साउंडबॉक्स नीट निरखा. एचएमव्ही नंबर ४ मध्ये अभ्रकाचा पडदा असतो, १०२ वरच्या ५ए आणि ५बी मध्ये नक्षीदार ॲल्युमिनियमचा. सुईच्या दांडीवर नखाने हळूच टिचकी मारा. स्वच्छ, पोकळ ‘टक्’ आला तर पडदा ठीक. खुळखुळ आली तर रबर गेले आहे. रबर बदलता येते. अभ्रकाचे पापुद्रे सुटले असतील किंवा ॲल्युमिनियमला दुमड पडली असेल तर भाव अर्ध्यावर आणा.

सगळ्यांत वाईट दुखणे डोळ्यांना पटकन दिसत नाही. त्या काळी साउंडबॉक्सच्या पाठी, टोनआर्म आणि कंस जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत. जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल तर दमट, उष्ण हवेत तो धातू आतून फुगतो, बारीक जाळीसारखे तडे जातात आणि एक दिवस हातात तुकडे येतात. आपली हवा त्याला अगदी पोषक. टॉर्च तिरपा धरून बघा. तडे दिसले तर यंत्र सोडून द्या. हा रोग गोंदाने, वेल्डिंगने किंवा रंगाने जात नाही. टोनआर्म बुडाशी अडकून फिरत असेल तर जोर लावू नका, तो फुगूनच अडकलेला असतो.

मोटरची पहिली साफसफाई

लागणारे सामान: सरळ खाचेचे तीन मापांचे स्क्रूड्रायव्हर, रॉकेल अर्धी वाटी, जुना दातांचा ब्रश, सुती फडके, शिवणयंत्राचे तेल, साधे घट्ट ग्रीस, चिमटा, आणि स्क्रू ठेवायला कप्प्यांचा डबा.

१. यंत्र वाजू देऊन स्प्रिंग पूर्ण उतरू द्या. पाट थांबल्यावर हाताने आणखी दोन फेरे फिरवून बघा, जोर उरलेला नसावा. ही पायरी गाळायची नाही.

२. पाट दोन्ही हातांनी समोरासमोर धरून सरळ वर उचला. खिळा निमुळता असल्याने तो अडकून बसतो. निघत नसेल तर वर ओढत असतानाच खिळ्याच्या टोकावर लाकडी मुठीने हलकी ठोक द्या. हातोडी नको. काही यंत्रांत लहान क्लिप असते, ती आधी काढा.

३. चावी उलट्या दिशेने फिरवून काढा. मग मोटरच्या फळीचे कडेचे स्क्रू काढून फळी मोटरसकट वर उचला. उलटी करण्यापूर्वी फोटो काढून ठेवा.

४. उघडी चाके आणि गव्हर्नर रॉकेलच्या ब्रशने साफ करा. स्प्रिंगच्या बंद डब्यात रॉकेल जाऊ देऊ नका. आतले ग्रीस अर्धवट पातळ होऊन पुढे चाकांवर ओघळते.

५. गव्हर्नरवर तीन लहान वजने पातळ पोलादी पट्ट्यांवर असतात. तिन्ही पट्ट्या शाबूत आहेत का बघा. एक तुटली की वेग हेलकावे खातो आणि प्रत्येक सूर मुरकी घेतल्यासारखा वाकतो. पट्ट्यांचे स्क्रू सैल वाटले तरी आवळून तिरपे करू नका, अक्षाला समांतर बसवा.

६. वेग आवरणाऱ्या चामड्याच्या तुकड्यावर तेलाचे दोन थेंब टाका. ते कोरडे असेल तर ‘चीं’ आवाज येतो. अक्षांच्या टोकांना एकेक थेंब, चाकांच्या दातांना बोटाने पुसट ग्रीस.

खोबरेल तेल मात्र कुठेही नको. दाराच्या बिजागरीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळीकडे तेच घालायची आपल्याकडे सवय आहे. काही महिन्यांत ते खवट होते, धूळ धरते आणि त्याचा डिंक होतो. ज्या ‘बंद’ मोटरी स्वस्तात मिळतात, त्यांतल्या कित्येक याच तेलाने बंद पडलेल्या.

स्प्रिंगचा डबा घरी उघडू नये. त्यात काही मीटर पोलादी पट्टी कोंबलेली असते आणि ती सुटली की हात चिरते, डोळा जाऊ शकतो. मोठ्या भिंतीवरच्या घड्याळांची कामे करणारा घड्याळजी हे काम करतो. त्याच्याकडे नेताना स्प्रिंगबद्दल चार गोष्टी लिहून न्या: रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाचा प्रकार, म्हणजे भोक आहे की वळवलेला आकडा. रुंदी जराही जास्त असली तर पट्टी डब्यात बसत नाही. तुटली ती टोकापाशी तुटली असेल तर टोक तापवून मऊ करून नवे भोक पाडता येते. चार-पाच सेंटिमीटर लांबी गेल्याने वाजण्यात फरक पडत नाही. मध्ये तुटली असेल तर नवीनच घालावी.

साउंडबॉक्सचे रबर बदलायला सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी चालते. जुन्या रबराची जाडी मोजा, त्याच जाडीची घ्या, पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वळे बसवा. टोके तिरपी न कापता चौकोनी कापा, म्हणजे फट राहत नाही. पडदा मधोमध तरंगला पाहिजे. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे जोडीने आवळा, नाहीतर पडदा एका बाजूला ताणला जातो आणि वरच्या सुरांना तो खरखरतो.

शेवटी वेग. तबकडीखाली कागदाचा कपटा बाहेर डोकावेल असा ठेवा, सुई टेकवा आणि २० सेकंदांत कपटा किती वेळा समोरून जातो ते मोजा. २६ आले की ७८ चा, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांचा, वेग बसला. सुई न टेकवता मोजू नका, तिच्या ओझ्याने वेग उतरतो.

सुया आणि तबकड्या

एका सुईवर एक बाजू. यात कंजुषी करायची नाही. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईचे टोक घासून खाचेच्या आकाराचे करते. बाजू संपेपर्यंत टोकाला धार आलेली असते आणि तीच सुई पुढच्या तबकडीवर लावली तर छिन्नीसारखी खाच खरवडते. १०० सुयांची डबी म्हणजे ५० तबकड्या, हा हिशेब धरून चाला. गंजलेल्या सुया जुन्या डबीत कितीही सुंदर दिसोत, वाजवायला नकोत.

प्लास्टिकच्या लाँगप्ले तबकड्या या यंत्रावर कधीही ठेवू नका. त्यांची खाच बारीक असते आणि हे वजन एकाच वाजवण्यात ती नष्ट करते. भारतात ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा निघाल्या. त्या उशिराच्या तबकड्या विजेवरच्या प्लेयरच्या हलक्या पिकअपसाठी असल्याने पोलादी सुईखाली लवकर पांढऱ्या पडतात. चावीच्या यंत्रावर १९४० च्या आधीच्या दणकट तबकड्याच बऱ्या.

आणि त्या काळच्या तबकड्यांत आपल्या मातीतले काय नाही? मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, कुर्डीच्या मोगूबाई, केरीच्या केसरबाई. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, पण त्यांची ७८ ची तबकडी अजून जुन्या ढिगात सापडू शकते. विक्रेते हिंदी सिनेमाच्या तबकड्यांना चढा भाव लावतात, नाट्यसंगीताच्या ढिगात त्या मानाने स्वस्ताई असते. तबकडी उजेडात तिरपी धरा: खाचा राखाडी दिसल्या तर झिजलेली, काळ्याशार चमकल्या तर घ्यावी. केसाएवढी चीर कडेपासून आत किती गेली ते बोटाने बघा.

धुताना शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलोन काहीही नको; लाख मद्यार्कात विरघळते. तबकड्या उभ्या आणि घट्ट ठेवा, तिरप्या टेकवल्या तर मे महिन्यात वाकतात.

म्युझिकल बॉक्स: हात लावण्यापूर्वी

यंत्र साधे आहे. सिलिंडरवरच्या पिना फणीचे दाते उचलून सोडतात आणि दाता वाजतो. फिरण्याचा वेग टोकाला असलेला पंखा हवेच्या अडथळ्याने आवरतो. या पंख्यामागे पूर्ण स्प्रिंगचा जोर अडवून धरलेला असतो. चावी दिलेली असताना तो पंखा काढला, किंवा त्याचा स्क्रू सैल केला, तर सिलिंडर सुसाट फिरतो आणि क्षणात दाते नि पिना मोडून पडतात. या एका चुकीने जगातल्या कितीतरी चांगल्या पेट्या गेल्या आहेत. म्हणून नियम एकच: स्प्रिंग पूर्ण उतरल्याशिवाय एकाही स्क्रूला हात नाही. प्रवासातही चावी उतरवूनच न्यावी.

घेताना टॉर्चने फणीची टोके एका रांगेत बघा. बोटाने दाते छेडू नका. वरच्या सुरांचा एखादा दाता तुटका असेल तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही. खालचे दोन-तीन गेले असतील तर सोडा. वाजवताना प्रत्येक सुराआधी बारीक ‘चिक्’ ऐकू आली तर दात्याखालचे, त्याचा कंप शमवणारे डॅम्पर गेले आहेत. मोठ्या फणीत खालच्या दात्यांना सूर उतरवण्यासाठी शिशाची वजने डकवलेली असतात. तिथे पांढरी भुकटी दिसली तर शिसे सडायला लागले आहे. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने आणि दमटपणाने ते होते, आणि सूर भलतीकडे जातात.

पेटी चालू होऊन लगेच थांबत असेल तर पंख्यावर हळूच फुंकर घाला. चालू लागली तर दोष बहुधा पंख्याच्या अक्षावर वाळलेल्या तेलाचा. टाचणीच्या टोकावर घड्याळाचे तेल घेऊन अक्षाच्या टोकाला टेकवा, बाटलीतून थेंब टाकू नका. फणीला आणि डॅम्परला तेल लावू नये. वाजवताना चाल नेहमी संपू द्या. मध्येच थांबवलेल्या पेटीत दाते पिनांवर ताणलेले राहतात.

जुन्या मोठ्या सिलिंडरच्या आत लाखेसारखे रेझिनचे मिश्रण ओतलेले असते, ते पिना धरून ठेवते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते मऊ होऊन एका बाजूला सरकते. पेडण्याहून मडगावला आणताना पेटी सीटखाली, सावलीत ठेवा.

पावसाळा

मे संपण्यापूर्वी तयारी झाली पाहिजे, जूनमध्ये हवाच ओली असते. लहान यंत्रे घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पेटीत ठेवा. ५० लिटरच्या पेटीला अर्धा किलो सिलिका जेल, शेजारी एक आर्द्रतामापक. काटा ४५ ते ६० टक्क्यांत ठेवायचा. त्याहून कोरडे केले तर लाकडावरचे पातळ पापुद्रे सुटतात. निळे दाणे नकोत, त्यांत विषारी कोबाल्ट असते. नारिंगी दाणे ओले झाले की हिरवे होतात. वेगळ्या जुन्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करावेत. ती कढई मग स्वयंपाकात नाही.

कपाटात दिवा लावून ठेवायची आपल्याकडची जुनी रीत चांगलीच आहे, पण दिवा तारेचा हवा, १५ वॉटचा. एलइडीला ऊब नसते. तो तळाशी, जाळीत, लाकडापासून वीतभर दूर ठेवा आणि त्या कपाटात लाखेच्या तबकड्या किंवा सिलिंडर-पेटी ठेवू नका.

नवे आणलेले यंत्र पहिला आठवडा इतरांपासून दूर, पांढऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर पिवळसर पूड दिसली तर लाकडात कीड जिवंत आहे. मोटर काढून मगच भोकांत सिरिंजने औषध भरा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच येते. समुद्र दिसतो अशा घरात पोलादी फणी उघडी ठेवणे म्हणजे गंजाला बोलावणे. हात धुऊन कोरडे करूनच यंत्राला शिवा, घामातले मीठही तेच करते.

कायद्याच्या दोन गोष्टी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९२० च्या आसपासची यंत्रे त्या वयात आली आहेत, तेव्हा लिस्बन किंवा लंडनच्या भाच्याला भेट कबूल करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. आणि जुन्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंती असू शकतात. हस्तिदंताचा व्यवहार बंद आहे, सुट्या पट्ट्याही विकत घेऊ नका.

कागदी पट्टीवर भैरवी

भर पावसात खरेदी थांबते तेव्हा करण्यासारखे काम म्हणजे भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर वाजणारी, हाताने फिरवायची म्युझिकल बॉक्स. ती जुनी नसते, पण पियानोलाचे तत्त्व हातात ठेवते आणि सगळ्यांत स्वस्त पडते. १५ सुरांची घ्या. त्यात दोन सप्तके असतात, नुसते हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्यांचे सूर, म्हणून बहुतेक जण बिलावलच्या चाली वाजवून कंटाळतात. षड्ज हलवा. दुसऱ्या सुराला सा मानले की काफी, तिसऱ्याला मानले की भैरवी, चौथ्याला कल्याण, पाचव्याला खमाज, सहाव्याला आसावरी. तिसऱ्यापासून धरल्यास खाली मंद्र कोमल धैवतापर्यंत आणि वर तार कोमल धैवतापर्यंत जागा मिळते, भैरवीच्या साध्या भजनाला ती भरपूर.

मींड होत नाही, ती कल्पना सोडून द्या. खटकेदार, सुटे सूर असलेली आरती किंवा भजन निवडा. एकच सूर लागोपाठ दोनदा हवा असेल तर दोन भोकांत किमान ८ मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर दुसऱ्या वेळी दाता उचललाच जात नाही. लांब सूर म्हणजे लांब भोक नव्हे. भोक नेहमी एकच, पुढची जागा मोकळी. पेन्सिलने आधी सगळी चाल मांडा, मग पंच करा. भोकाच्या कडेला कागदाचा तंतू राहिला तर तो सूर अडखळतो, पट्टी उजेडासमोर धरून नखाने साफ करा. चुकीचे भोक मागून पातळ चिकटपट्टीने बुजते, पण दोन थर झाले की पट्टी रुळात अडते. पट्टीचे सुरुवातीचे टोक तिरपे कापा आणि त्यावर शाईने बाण काढून ठेवा, कारण ती पालथी आत गेली तर आरोहाचा अवरोह होतो.